नायक सुधारला तर मालिका संपेल: ओवेन कोल्फरची कारकीर्द

बारा वर्षांचा एक श्रीमंत, हुशार आणि पक्का बदमाश मुलगा एका परीला पळवून नेतो आणि तिच्या सुटकेसाठी चोवीस कॅरेट सोन्याची एक टन खंडणी मागतो. ही परी हातात चांदणीची कांडी घेऊन फिरणारी नाही. ती जमिनीखालच्या पोलीस दलात अधिकारी आहे, आणि तिला सोडवायला येणारी तुकडी हत्यारं, संगणक आणि अख्ख्या वाड्याभोवतीचा काळ गोठवण्याची यंत्रणा घेऊन येते. २००१ साली आलेल्या ‘आर्टेमिस फाउल’ची ही गोष्ट. लेखक ओवेन कोल्फर तोवर आयर्लंडमधल्या वेक्सफर्डला प्राथमिक शाळेत शिकवत होता.

शाळामास्तराचं नशीब एका रात्रीत फळफळलं, असंच हे बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. पण आर्टेमिसच्या आधी त्याची अर्धा डझन पुस्तकं छापून झाली होती, आणि नंतरच्या वीस वर्षांत त्याने जे केलं ते नशिबावर होत नाही. बालसाहित्यातल्या लेखकाचं पोट कसं भरतं, मालिका कशी तगवली जाते आणि कशी थकते, हे समजून घ्यायला कोल्फरची कारकीर्द फार उपयोगी आहे.

वेक्सफर्डचं घर

वेक्सफर्ड हे आयर्लंडच्या आग्नेय टोकाचं, व्हायकिंग लोकांनी वसवलेलं जुनं बंदर. कोल्फरचा जन्म १४ मे १९६५ चा, पाच भावांतला दुसरा. वडील बिली कोल्फर प्राथमिक शिक्षक, आणि त्याहून जास्त म्हणजे स्थानिक इतिहासाचे अभ्यासक. तिथल्या हूक द्वीपकल्पावरचं आणि वेक्सफर्ड शहरावरचं त्यांचं काम आजही वाचलं जातं. आई नाट्यशिक्षिका. घरात एकीकडे गावाच्या दगडविटांचा इतिहास आणि दुसरीकडे नाटक. मुलगा डब्लिनला शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेऊन परत आला, वडिलांसारखाच शाळेत लागला, आणि गावातल्या हौशी मंडळींसाठी नाटकं लिहू लागला.

१९९२ ते १९९६ या काळात तो पत्नीबरोबर सौदी अरेबिया, ट्युनिशिया आणि इटलीत नोकरीला होता. पहिली कादंबरी तिथूनच निघाली. ‘बेनी अँड ओमार’ १९९८ साली आली. वेक्सफर्डचा, हर्लिंग या आयरिश खेळाने झपाटलेला बेनी वडिलांच्या नोकरीमुळे ट्युनिशियात येऊन पडतो आणि त्याची ओमारशी दोस्ती होते. ओमारला इंग्रजी येतं, पण सगळं टीव्हीवरून उचललेलं. दोघांचं बोलणं कार्यक्रमांच्या नावांत आणि जाहिरातींच्या ओळींत चालतं. ही नाटक लिहिणाऱ्याच्या कानाची करामत आहे.

पुस्तक काढलं होतं डब्लिनच्या ओब्रायन प्रेसने. १९७४ पासूनचं हे घर आकाराने लहान, पण आयरिश मुलांना आयरिश पुस्तकं देण्यात मोठा वाटा असलेलं. याच प्रकाशनासाठी कोल्फरने अगदी लहान, नुकतं वाचायला शिकलेल्या मुलांसाठीही छोटी विनोदी पुस्तकं लिहिली. चरित्राच्या टिपणांत यांना अर्धी ओळ मिळते. माझ्या मते खरी तालीम तिथे झाली. मोजक्या शब्दांत पात्र उभं करायचं, दर पानाला हसवायचं आणि वर्णनात पाय अडकू द्यायचा नाही, हे सगळं पुढे आर्टेमिसमध्ये जसंच्या तसं दिसतं.

२००० साली ‘द विश लिस्ट’ आलं. चोरी करायला गेलेली मेग नावाची मुलगी मरते. वर हिशेब मांडला जातो तेव्हा तिचं पाप आणि पुण्य अगदी समसमान भरतं, म्हणून तिला एका म्हाताऱ्याच्या राहिलेल्या इच्छा पुऱ्या करायला पृथ्वीवर परत पाठवतात. वाईट वागणारं, पण वाईट म्हणून निकालात काढता न येणारं मूल कोल्फरला इथे सापडलं होतं. आर्टेमिस आला तो या मेगच्या मागून.

डब्लिन ते लंडन

आता पैशाचं गणित. मराठीत लेखकाच्या उत्पन्नाबद्दल बोलायला आपण संकोचतो, पण त्याशिवाय कारकीर्द कळत नाही.

२००२ च्या जनगणनेत आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या होती सुमारे ३९ लाख. एवढ्याशा देशात मुलांचं पुस्तक अगदी उत्तम खपलं, तरी लेखकाला शाळेची नोकरी सोडता येत नाही. रॉयल्टी म्हणजे दर प्रतीमागे मिळणारा वाटा. मुलांच्या स्वस्त आवृत्तीत तो बहुधा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आतच असतो. त्यामुळे मोठ्या बाजारात जायचं तर आयरिश लेखकाची वाट लंडनवरून जाते, आणि तिथलं दार उघडतो साहित्यिक एजंट. एजंट हस्तलिखित प्रकाशकांना दाखवतो, सौदा ठरवतो आणि लेखकाच्या कमाईतून साधारण १५ टक्के घेतो. कोल्फरचं काम लंडनच्या एड व्हिक्टर यांच्या संस्थेत सोफी हिक्स यांनी हाती घेतलं.

एजंटची खरी किंमत कळते ती हक्कांच्या वाटणीत. एका पुस्तकाचे ब्रिटनमधल्या प्रकाशनाचे, अमेरिकेतल्या प्रकाशनाचे, प्रत्येक भाषेतल्या अनुवादाचे, चित्रपटाचे असे कितीतरी वेगळे हक्क असतात आणि ते वेगवेगळे विकता येतात. प्रत्येक सौद्यात आगाऊ रक्कम मिळते. ती पुढच्या रॉयल्टीतून वळती होते, पण पुस्तक पडलं तरी साधारणपणे परत मागत नाहीत. कोल्फरच्या बाबतीत ब्रिटनमधले हक्क पफिन या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनाकडे गेले, अमेरिकेतले वेगळे विकले गेले आणि चित्रपटाचे हक्क पुस्तक दुकानात येण्याच्या सुमारासच गेले. शाळा सोडण्याइतका पैसा या सगळ्या तुकड्यांच्या बेरजेतून उभा राहिला. एका पुस्तकाच्या नुसत्या खपातून तो आला नसता.

वेळही नेमकी होती. १९९७ नंतर हॅरी पॉटरने प्रकाशकांना दाखवून दिलं होतं की मुलं जाडजूड पुस्तकं वाचतात आणि त्यांचे आईबाप ती विकत घेतात. तसं दुसरं काहीतरी मिळावं म्हणून सगळे हात धुवून मागे लागले होते. कोल्फरचं पुस्तक या शोधात सापडलं आणि ‘पुढचा पॉटर’ म्हणून बाजारात आणलं गेलं. खरं तर दोघांत जादू सोडली तर काही सारखं नाही. कोल्फर स्वतः आपल्या पुस्तकाचं वर्णन ‘परी असलेला डाय हार्ड’ (म्हणजे हॉलीवूडचा तो ओलीसनाट्याचा मारधाडपट) असं करायचा, आणि तेच बरोबर आहे. बंद वाडा, ओलीस, बाहेर वेढा, आत एकटा शहाणा. फक्त इथे शहाणा तो गुन्हेगार.

आयर्लंडची आणखी एक सोय सांगायला हवी. १९६९ पासून तिथे लेखक-कलावंतांना कलाकृतीच्या उत्पन्नावर आयकरातून सूट आहे. आधी मर्यादा नव्हती, नंतर घातली गेली. २०१५ पासून ती वर्षाला ५० हजार युरो आहे. नामवंतांना ती अपुरी पडते, पण नवीन लेखकाला नोकरी सोडून वर्षभर लिहून बघण्याचं धाडस अशा सवलतीमुळेच होतं.

परीकथेचं पोलीस ठाणं

आयरिश पुराणात तुआहा डे डानन नावाचे देवतुल्य लोक आहेत. माणसांकडून हरल्यावर त्यांच्या वाट्याला जमिनीखालचा भाग आला आणि ते टेकड्यांच्या पोटात राहायला गेले, असं जुनी कथा सांगते. आयरिश परी तिथून येते. तिला घाबरायचं असतं. तिच्या जागेला हात लावायचा नसतो. या समजुती नुसत्या पुस्तकात उरलेल्या नाहीत. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या महामार्गाच्या वाटेत परींचं मानलं जाणारं काटेरी झुडूप आलं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला, आणि झुडूप वाचवून रस्ता काढला गेला.

कोल्फरने हा जुना वारसा घेतला आणि त्याला सरकारी खात्याचं रूप दिलं. जमिनीखाली हेवन नावाचं शहर, तिथे पोलीस, बजेटची रड, बढतीचं राजकारण. हॉली शॉर्ट ही त्या टेहळणी पथकातली पहिली स्त्री अधिकारी, त्यामुळे वरिष्ठांचा डोळा कायम तिच्यावर. तंत्रविभाग सांभाळतो फोली नावाचा सेंटॉर, म्हणजे वर माणूस आणि खाली घोडा. माणसं आपले विचार वाचतील या भीतीने तो डोक्यावर पत्र्याच्या कागदाची टोपी घालतो. मल्च डिगम्स हा बुटका चोर माती खात भुयार खणतो, आणि ती खाल्लेली माती दुसऱ्या टोकाने बाहेर काढतो. दहा वर्षांच्या मुलांना यापेक्षा मोठा विनोद जगात नसतो, हे वर्गात उभं राहिलेल्या माणसाला नक्की ठाऊक असणार. आयरिश राजांची प्राचीन गादी मानली जाणारी टारा टेकडी इथे परींचं विमानतळ होऊन बसते.

जादूला या जगात कायद्यासारखे नियम आहेत. बोलावल्याशिवाय परीला माणसाच्या घरात शिरता येत नाही. जादू संपत आली की पौर्णिमेच्या रात्री नदीच्या वळणावरच्या जुन्या ओकचं फळ तोडून दुसरीकडे पुरावं लागतं. आर्टेमिस परींचा धर्मग्रंथ मिळवतो, संगणकावर त्याची लिपी उलगडतो, हे नियम वाचतो आणि अशाच एका ओकपाशी हॉलीची वाट बघत बसतो. तो लढून जिंकत नाही, वाचून जिंकतो. पळवाट काढणाऱ्या वकिलासारखं त्याचं डोकं चालतं, आणि पुस्तकाची खरी मजा त्यातच आहे. वाचकालाही हाच खेळ दिलेला आहे: पहिल्या पुस्तकाच्या पानांच्या तळाशी परींच्या लिपीतल्या खुणांची ओळ चालत राहते. ती चिकाटीने सोडवली की वेगळाच संदेश हाती लागतो.

सुधारू पाहणारा बदमाश

पहिल्या पुस्तकाचा जोर आर्टेमिसच्या थंड डोक्यात आहे. पण तो अगदी निर्दय नाही. बाप उत्तर रशियाच्या समुद्रात बेपत्ता, आई मनाने कोसळलेली. शेवटी तो अर्धं सोनं परत देऊन त्या बदल्यात हॉलीकडून आईला बरं करून घेतो. म्हणजे पहिल्याच पुस्तकात या मुलाच्या आत काहीतरी विरघळायला लागलं आहे.

मालिकेची अडचण इथूनच सुरू होते. दुसऱ्या पुस्तकात तो बापाला सोडवायला परींचीच मदत घेतो. बाप परत येतो तो सरळ मार्गाने चालायचं ठरवून. मुलगाही दर पुस्तकात थोडा अधिक चांगला होत जातो. चांगला झाला की तो इतर शंभर बालनायकांसारखा होणार. वाईटच ठेवला तर हॉलीशी वाढत गेलेली मैत्री खोटी पडणार. वाचकांना दोन्ही हवं होतं.

कोल्फरने यातून वाट काढली ती बघण्यासारखी आहे. तिसऱ्या, २००३ च्या पुस्तकाच्या शेवटी परी आर्टेमिसची स्मृती पुसून टाकतात. त्यामुळे २००५ च्या चौथ्या पुस्तकात तो पुन्हा जुना चोर होऊन म्युनिकच्या बँकेतलं चित्र लांबवताना दिसतो, आणि आठवण परत येईपर्यंत आपल्याला पहिल्या भागातला पोरगा फुकटात मिळतो. पाचव्यात काळाच्या गुंत्यात त्याची तीन वर्षं हरवतात. जग पुढे गेलं, तो वयाने तिथेच राहिला. नायक मोठा होऊन बालसाहित्याबाहेर जाऊ नये म्हणून केलेली ही सोय, पण कथेत ती खरोखर दुखते: घरी परततो तेव्हा त्याला मायल्स आणि बेकेट नावाचे जुळे भाऊ झालेले असतात. सहाव्या, २००८ च्या ‘द टाइम पॅराडॉक्स’मध्ये तर तो भूतकाळात जातो आणि त्याची गाठ पडते दहा वर्षांच्या आर्टेमिसशी. सुधारलेला मुलगा आणि न सुधारलेला तोच मुलगा समोरासमोर. माझ्या मते संपूर्ण मालिकेतली ही सगळ्यात हुशार कल्पना, आणि ती निव्वळ गरजेतून सुचलेली दिसते. सातव्यात अपराधाच्या भावनेतून त्याच्या मनाचे दोन तुकडे पडतात. दुसरा तुकडा ऑरायन नावाचा, बावळट प्रेमवीर. इथे मला युक्ती युक्तीसारखी दिसू लागते. आठव्या, २०१२ च्या पुस्तकावर कोल्फरने मालिका थांबवली, आणि ते योग्यच झालं.

मधल्या काळात २०१० साली पफिनला ७० वर्षं झाली तेव्हा वाचकांच्या मतदानात ‘आर्टेमिस फाउल’ पफिनचं सर्वांत आवडतं पुस्तक ठरलं. मतदान ऑनलाइन, त्यामुळे तरुणांचा कल जास्त. तरीही पफिनची यादी पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

उसनी बिऱ्हाडं आणि स्वतःची बेटं

एकदा नाव झालं की प्रकाशक, वारस आणि कंपन्या आपापली पात्रं घेऊन दारात येतात. ब्रिटिश लेखक डग्लस अॅडम्स २००१ मध्ये वारले. त्यांची ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही विनोदी अंतराळ-मालिका पाच पुस्तकांवर थांबली होती. त्यांच्या पत्नी जेन बेल्सन यांच्या संमतीने सहावं पुस्तक लिहायला कोल्फरला विचारलं गेलं. अॅडम्स यांचे एजंटही एड व्हिक्टरच होते. मोठ्या कामांच्या वाटा अशा आतल्या आत जुळतात. ‘अँड अनदर थिंग’ १२ ऑक्टोबर २००९ ला आलं, पहिल्या पुस्तकाला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी. प्रामाणिक काम आहे. पण दुसऱ्याच्या विनोदाची चाल पकडताना कोल्फरची स्वतःची चाल हरवते असं मला वाटतं. २०१६ मध्ये मार्व्हलच्या आयर्न मॅनवरही त्याने कुमारांसाठी कादंबरी लिहिली.

त्यापेक्षा २००८ ची ‘एअरमन’ वाचावी. वेक्सफर्डच्या किनाऱ्यापासून दूर साल्टी नावाची दोन बेटं आहेत, आज पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. कोल्फरने त्यांना एक छोटं राज्य करून टाकलं. थोरल्या बेटावर राजवाडा, धाकट्यावर तुरुंग आणि हिऱ्यांची खाण. नायक कॉनर जन्मतो तो १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनावर तरंगणाऱ्या फुग्यात, आणि पुढे खाणीत डांबला गेल्यावर सुटकेसाठी उडण्याचं यंत्र तयार करतो. जादू एवढीशीही नाही. वडिलांनी आयुष्यभर अभ्यासलेला किनारा मुलाने इथे कादंबरीत वापरला आहे, आणि त्याचं सगळ्यात घट्ट विणलेलं पुस्तक मी यालाच म्हणेन.

२०१४ ते २०१६ या दोन वर्षांसाठी तो आयर्लंडचा ‘लॉरिएट ना नोग’ होता. मुलांच्या साहित्यिकाला मिळणारा हा राष्ट्रीय मान २०१० मध्ये सुरू झाला आणि कोल्फर तिसरा मानकरी. यात नुसती शाल-श्रीफळ नसते, देशभर फिरून काम करायचं असतं. त्याने विषय निवडला जागांचा: आडवळणाच्या ठिकाणी गोष्टी सांगायच्या आणि एकेका जागेशी बांधलेल्या नव्या कथा इतर लेखकांकडून लिहून घ्यायच्या. तो संग्रह ‘वन्स अपॉन अ प्लेस’ २०१५ मध्ये निघाला. त्यातली चित्रं काढणारे पी. जे. लिंच पुढचे लॉरिएट झाले.

या काळानंतर त्याचं लेखन थोडं गंभीर झालेलं दिसतं. अँड्र्यू डॉनकिन आणि चित्रकार जोव्हानी रिगानो यांच्याबरोबर त्याने आधी आर्टेमिसच्या चित्रकादंबऱ्या केल्या होत्या. याच तिघांची ‘इलीगल’ घानातल्या एबो नावाच्या मुलाचा सहारा ओलांडून भूमध्य समुद्रातल्या गळक्या होडीपर्यंतचा प्रवास सांगते. विनोदी म्हणून नाव झालेल्या लेखकाने इथे विनोद जवळजवळ बाजूला ठेवला आहे.

एकोणीस वर्षांनी आलेला सिनेमा

चित्रपटाचे हक्क विकले गेले म्हणजे चित्रपट होतोच असं नाही. बहुतेकदा निर्माता ठरावीक मुदतीचा हक्क घेतो, पटकथा लिहून घेतो, ती आवडत नाही, माणसं बदलतात, मुदत वाढते. ‘आर्टेमिस फाउल’ असाच भटकत राहिला. शेवटी डिस्नेसाठी केनेथ ब्रॅना यांनी तो केला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ठरलेलं प्रदर्शन पुढे गेलं, मग कोविड आला, आणि १२ जून २०२० ला तो थेट ओटीटीवर आला. समीक्षकांनी आणि जुन्या वाचकांनी त्याला धू धू धुतलं.

दिग्दर्शक बेलफास्टचा, पटकथाकारांपैकी कॉनर मॅकफर्सन डब्लिनचा, हॉलीच्या वरिष्ठ कमांडर रूटच्या भूमिकेत जुडी डेंच. माणसांची उणीव नव्हती. चूक मुळातच होती: सिनेमातला आर्टेमिस गुन्हेगारच नाही. तो समुद्रावर सर्फिंग करणारा, बापाच्या बदनामीने व्याकूळ झालेला सद्गुणी मुलगा आहे, आणि बापही चोर नसून जगाचा गुप्त रक्षक निघतो. कोल्फरने स्मृती पुसून, काळ वाकवून, आठ पुस्तकं जी बदमाशी जपली, ती सिनेमाने पहिल्या दहा मिनिटांत सोडून दिली.

कोल्फर मात्र तोवर पुढे गेला होता. तीन वर्षं हरवल्याच्या गोंधळात जन्मलेल्या त्या जुळ्या भावांना घेऊन २०१९ ते २०२१ या काळात त्याने ‘द फाउल ट्विन्स’ची तीन पुस्तकं लिहिली. आर्टेमिस तिथे पार दूर अंतराळात पाठवून दिलेला, म्हणजे त्याला चांगला ठेवायचा की वाईट हा प्रश्नच मिटला. मोठ्यांसाठी ‘हायफायर’ आलं २०२० मध्ये. लुइझियानाच्या दलदलीत लपलेला, व्होडका पिणारा जगातला शेवटचा ड्रॅगन, आणि त्याच्या तावडीत सापडलेलं एक उनाड पोर. मेग, आर्टेमिस, आणि आता हा. २०२३ मध्ये ‘जुनिपर्स ख्रिसमस’ आलं.

घरात वाचतं मूल असेल आणि इंग्रजीची थोडी भीती असेल, तर पहिल्या भागाच्या २००७ च्या चित्रकादंबरीपासून सुरुवात करावी. मग मूळ पुस्तक. पहिली चार पुस्तकं आणि सहावं वाचलं तरी चालतं. पण ‘एअरमन’ वगळू नका.